पावतीच्या पाठीवर

जुनं पावतीपुस्तक मी रद्दीत घालत नाही.
पाठ कोरी असते. तिच्यावर लोकांचे दिवस लिहितो.
स्टेशन रोडचा लॉज, मागं किल्ल्यांचा बोर्ड,
पुढं कुणीतरी ओल्या केसांनं, घाईनं :
'एकच दिवस हाय, शिकलगारमामा. काय काय हुईल?'

मी आधी पायांकडं बघतो.
नवे बूट असले तर दुपारपर्यंत फोड,
त्यांना बिंदू चौकाच्या पुढं पाठवत नाही.

नवीन लग्न झालेल्यांना पहाटेची अंबाबाई.
ओटी सासूनं पिशवीत घातलेली असतेच.
रंकाळा ऊन उतरल्यावर,
आणि परत किती वाजता यायचं
ते लिहायचं मी मुद्दाम विसरतो.

इंदूरहून नऊ जण आले होते,
नऊ जणांत धड गुडघे सहा.
त्यांच्या कागदावर नवा राजवाडा,
आणि बसायला कुठं मिळतं तिथं तिथं फुली.
एकानं विचारलं, मिसळ कमी तिखट मिळंल का?
लिहून दिलं : मिळणार नाही. दही मागा.

चप्पल घ्यायला आलेल्या बाईला
आधी चप्पल, मग देव, मग म्युझियम.
नाहीतर दिवसभर पाय घाटावर
आणि जीव चप्पल लाईनीत.

खिशात दोनशे चाळीस रुपये असलेलं एक पोरगं
सांगलीच्या गाडीतनं उतरलं, त्याला चालायचा दिवस दिला.
भवानी मंडप, कपिलतीर्थाची भाजी, खासबाग.
'मैदान रिकामं असंल. वरच्या पायरीवर बस.
रिकामं मैदान बघायला पैसे लागत नाहीत
आणि गर्दी आपली आपण भरता येते.'
संध्याकाळी गंगावेस. म्हशी दारात, धार पेल्यात.
'पेला संपल्याशिवाय बोलायचं नाही,' हेही लिहिलं.

पन्हाळा मी एका दिवसात बसवत नाही.
भांडण झालं तरी नाही.

मग तो आला. रजिस्टरात सही :
बाळाप्पा तेरणीकर, हलकर्णी. येण्याचं कारण : रिकामं.
कोपऱ्यावर घडी पडलेली सीपीआरची फाईल काखेत.
'चार वाजता आत घेणार म्हणं. तोवर बसू देत न्हाईत.
एक दिवस हाय म्हणायचा. काय बघू?'

पेन तसंच राहिलं.
पायांत स्लीपर, एकीचा अंगठा तारेनं बांधलेला.
नवा राजवाडा लिहिला, खोडला.
रंकाळा लांब.
शेवटी लिहिलं : दवाखान्यासमोर टाऊन हॉल. बाग.
मोठं झाड बघून बसणं. नाव पुकारलं तर ऐकू येईल एवढ्यातच.
दोन वाजता चहा. नको वाटला तरी.
त्यापुढं लिहायला मला काही सुचलं नाही.
भाडं विचारलं त्यानं, मी किल्ली दिली.

रात्री साडेदहाला कागद परत काउंटरवर.
माझ्या अक्षराखाली त्याचं, जाड, दाबून :
चार दहा, नेली.
पाच वीस, कोण भाईर न्हाई.
सहा. म्युझियमात गेलो. दगडाचं देव बघितलं, हात जोडलं सगळ्यांस्नी.
सात पाच, नर्स हसली.
खाली काही नाही. फक्त चहाचा गोल डाग.

'वाचली,' म्हणाला. मग थोडं थांबून,
गिऱ्हाईक भाव करायच्या आधी थांबतं तसं :
'आठ दिसानं सोडत्यात. पारव्वानं कोल्हापूर बघितल्यालं न्हाई.
येताना ॲम्ब्युलन्सच्या काचंतनं काय दिसलं आसंल तेवढंच.
तिच्यासाठी पण एक करून ठेवा मामा.
हळू चालणाऱ्याचा.'

तो जिना चढून गेला.
मी पुस्तकातली एक मोठी पावती निवडली,
दोन खोल्या, तीन रात्री, कुण्या वऱ्हाडाची,
उलटी केली, तळव्यानं सपाट केली
आणि वरच्या ओळीत लिहिलं :

सकाळी उशिरा उठणे.